पिस्तुलाला पंचामृताची आंघोळ

चि. रेवा आणि चि. नील,

तुमच्या आजीकडे पिस्तूल आहे. परवान्याचं आहे, स्पेनमध्ये बनलेलं आहे, वयाने माझ्याहून थोडं मोठं आहे आणि माझ्यासारखंच अजून चालतं.

हे आत्ताच का लिहिते आहे? कारण मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं, की "आजीने पिस्तुलाचा शिरा केला!" तुम्ही दोघं इतके हसलात की तुमच्या हातून फोन पडला आणि मला बराच वेळ नुसतं तुमच्या घराचं छत दिसत राहिलं. (कोपऱ्यात जळमट आहे. आईला सांगा.) तर, मी शिरा केला नव्हता. मी पंचामृत घातलं होतं. या दोन्हींतला फरक ज्याला कळत नाही, त्याने माझ्या शस्त्राबद्दल तोंड उघडू नये. म्हणून सगळं क्रमाने लिहून काढते.

वैरागजवळच्या आपल्या शेतातल्या विहिरीवरची मोटार चोरांनी नेली. नवी बसवली, तीही नेली. तिसऱ्या वेळी न्यायला मोटारच नव्हती, तर त्यांनी मोटारीवरचं पत्र्याचं खोकं नेलं! तुमचे आजोबा कडाडले, "आता पिस्तूलच घेतो!" पुरुषमाणसं असं म्हणतात आणि चहा पितात. पण आजोबा खरोखर चौकशी करून आले. परवान्यासाठी आधी शस्त्र हाताळायचं शिक्षण घ्यावं लागतं. तिथे पहिला बार उडाला मात्र, आजोबांनी हातातलं पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि शाळेत शिक्षा झाल्यासारखे दोन्ही कान धरून उभे राहिले. (बार शेजारच्या माणसाने उडवला होता.)

"मला आवाज सोसत नाही," ते म्हणाले.

मी थर्मास घेऊन सोबत गेले होते. तो खाली ठेवला आणि म्हटलं, "मग अर्ज मी करते. शेत माझ्याही नावावर आहे."

"अगं, तू? या वयात?"

या वयात! माझी मुलं, रेवा, माझ्या वयावर नेमकी तेव्हाच येतात जेव्हा मला काहीतरी हवं असतं. तुमच्या मुंजी-बारशांना दोनशे पुरणपोळ्या लाटायच्या असल्या की माझं वय कुणाला आठवत नाही. आजोबाही त्यातलेच. मी अर्ज केला, शिक्षण घेतलं, पोलिसांच्या चौकशीला उत्तरं दिली आणि परवाना माझ्या नावावर आला. फोटोत मी जरा रागावलेली दिसते. रागावलेलीच होते.

मग दुकान. दुकानदाराने काचेतली चकचकीत पिस्तुलं दाखवली आणि म्हणाला, "इंग्लंडचं पायजे आसंल तर ताई, तेवढ्या पैशात दुसरं शेत येतं बघा." मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तेव्हा त्याने खालच्या खणातून एका फडक्यात गुंडाळलेलं हे काढलं. काळपट, आटोपशीर, मुठीला लाकडी पट्ट्या. "ह्ये स्पेनचं. जुनं हाय, पण मशीन येकदम ठणठणीत. नाव कुणाला म्हाईत न्हाय, म्हणून स्वस्त."

"नाव नसलं तरी चालेल," मी म्हटलं. "चोर काही नाव विचारून पळणार नाही."

आजोबांनी शेवटचा प्रयत्न केला. "स्पेनचा माल. सोलापूरच्या उन्हात टिकेल का?"

"अहो, स्पेनमध्ये बैलांच्या झुंजी लावतात तेव्हा काय बर्फ पडत असतो?"

तुमच्या आत्याच्या नव्या सोफासेटपेक्षा ते स्वस्त पडलं. शिवाय त्यावर पाहुणे येऊन बसत नाहीत.

आपली मेंढरं घेऊन शेतावर राहणाऱ्या आणि राखण करणाऱ्या म्हाळाप्पाला ते दाखवलं, तेव्हा तो बराच वेळ डोकं एकीकडे कलवून बघत राहिला. "आक्का, खरं हाय का पोराचं खेळणं?"

"खरं आहे."

"लई बारकं हाय की वो! ह्याला बघून चोर पळायचा न्हाय, हासंल."

"हसू दे. हसणाऱ्याचा नेम धरायला सोपा जातो."

म्हाळाप्पाने तिथल्या तिथे मला नमस्कार केला. आपल्या घरात माझा मान ठेवणारा हा एकटाच माणूस आहे, आणि तोही दोनशे मेंढरांत राहतो.

आता मुद्द्यावर येते. आली खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातल्या शस्त्रांची आणि अवजारांची पूजा करतात, हे तुम्हाला माहीत असेल. नसेल तर तो तुमच्या बाबाचा दोष. आजवर आमच्या पाटावर काय असायचं? विळी, कात्री, शिवणयंत्राची चकती, आजोबांचा पाना. या वर्षी पहिल्यांदा खरंखुरं शस्त्र! मी ठरवलं, पूजा साग्रसंगीत करायची. गोळ्या आधीच काढून वेगळ्या कुलपात ठेवल्या. (मी धार्मिक आहे, बेपर्वा नाही.) आणि ताम्हनात पिस्तूल ठेवून त्याला दूध, दही, तूप, मध, साखर अशी पंचामृताची यथासांग आंघोळ घातली.

"अगं, फूल वाहा आणि सोड!" आजोबा ओरडले.

"विधी म्हणजे विधी. अर्धवट काम मला आवडत नाही."

मग शुद्ध पाणी घातलं आणि टॉवेलने खसखसून पुसलं. टॉवेल अर्थात सोलापुरी, अक्कलकोट रोडच्या कारखान्यातला, अगदी नवा कोरा. आपल्या गावच्या टॉवेलचा गुण असा की तो पाणी सगळं घेतो आणि बदल्यात आपले धागे देतो. जिथे जिथे फट होती, तिथे तिथे पांढऱ्या मिशा फुटल्या. हळदकुंकू, अक्षता, झेंडू. दुसऱ्या दिवसापर्यंत शस्त्र हलवायचं नसतं, म्हणून ते देवघरातच राहिलं, दार कुलूपबंद.

सकाळी दार उघडते तो काय, देवघराच्या फटीतून मुंग्यांची रांग निघून थेट पिस्तुलाच्या नळीत शिरलेली! जाणाऱ्या वेगळ्या, येणाऱ्या वेगळ्या, अगदी शिस्तीत. मुंग्यांना हळद चालत नाही, हे कुठल्याही गृहिणीला ठाऊक असतं. मी चमचाभर हळद नळीत सोडली. मुंग्या बाहेर येण्याऐवजी आणखी आत गेल्या. हळद ओली झाली. ती वाळावी म्हणून पिस्तूल गच्चीत उन्हात ठेवलं आणि शेजारी खुर्ची टाकून मी पहाऱ्याला बसले. ऊन आपलं सोलापूरचं. दुपारपर्यंत आतल्या मधाचा आणि साखरेचा पक्का पाक झाला. वरचा सरकता भाग सरकेना. म्हणून कोमट खोबरेल सोडलं.

आजोबा गच्चीच्या दारात उभे होते. "एवढं केलंयस, तर आता फोडणीही दे."

मी आणखी दोन चमचे खोबरेल सोडलं. आणि त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यातून फोन आला. निवडणूक जाहीर झाली आहे, आचारसंहिता लागली आहे, परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करा.

गेलो. टेबलामागचे हवालदार मध्यमवयीन, पोट सुटलेले, स्वभावाने गरीब. त्यांनी फडकं सोडलं आणि थांबले.

"आज्जी, ह्याला हळद लागली का काय?"

"खंडेनवमीची आहे."

"बरं बरं. नंबर बघू." नंबरावर कुंकवाचा थर होता. त्यांनी नखाने खरवडला. बोट नाकाशी नेलं. "तुपाचा वास येतोय." मग मुठीतली गोळ्यांची पेटी, म्हणजे मॅगझिन, काढायला गेले, ती निघेना. दुसऱ्या शिपायाला बोलावलं. एकाने मूठ धरली, एकाने नळी धरली आणि दोघं रस्सीखेच खेळल्यासारखे ओढू लागले. कट् असा आवाज झाला, पेटी अर्धी बाहेर आली आणि तिच्यामागून मुंग्यांचं अख्खं गाव टेबलावर उतरलं!

"अयाया! चावली, चावली!" हवालदार खुर्चीवर पाय घेऊन बसले. आजोबा दुसरीकडे बघत होते, जणू मी रस्त्यात भेटलेली कोणी बाई आहे.

आवाज ऐकून अधिकारी बाई बाहेर आल्या. वयाने तुमच्या आत्याच्या निम्म्या, गणवेश कडक. त्यांनी पिस्तूल पाहिलं, मुंग्या पाहिल्या, मला पाहिलं.

"आजी, शस्त्र नादुरुस्त आहे. तुमचं वयही झालंय. कशाला हा व्याप? परवानाच परत करा. अर्ज मी लिहून घेते, तुम्ही फक्त सही करा."

"करते! करते सही!" हे आजोबा. माझ्या वतीने!

तेवढ्यात आजोबांनी तुमच्या बाबालाही फोन लावला होता. (तुमच्या देशात तेव्हा पहाट होती, म्हणून त्याचा आवाज तसा.) "आई, प्लीज दे ना ते परत. लोक काय म्हणतील?"

बघा हं आता. नवरा म्हणतो दे. मुलगा म्हणतो दे. सरकार म्हणतं दे. समोर लिहिण्यासाठी कागद आला, पेनाचं टोपणसुद्धा काढून झालं. मला त्या क्षणी दिसलं, की आज हे दिलं की उद्या स्कूटरची किल्ली मागतील, परवा बँकेचं पासबुक, आणि मग एक दिवस मला उन्हात खुर्ची देऊन सांगतील, 'आई, तू नुसती बस.' रागावले की मी इंग्रजीत जाते. गेले. पण इंग्रजीत दोन वाक्यं झाल्यावर मला समोरचं दिसलं आणि मी परत मराठीत आले.

"बाई, त्या भिंतीकडे बघा."

भिंतीशी ठाण्याच्या रायफली उभ्या होत्या. प्रत्येकीला कुंकवाचा टिळा. प्रत्येकीला सुकलेल्या झेंडूचा हार.

"तुमच्या बंदुकांची पूजा झाली तर ती परंपरा. माझ्या पिस्तुलाची झाली तर वय?"

अधिकारी बाईंनी हारांकडे पाहिलं. हवालदार खुर्चीवरूनच म्हणाले, "पर आज्जी, आमी निस्ता टिळा लावतो. आंगूळ न्हाय घालत!"

"ते तुमचं अर्धवट काम," मी म्हटलं.

अधिकारी बाईंचा ओठ जरासा हलला. हसू आवरत त्या म्हणाल्या, "ठीक आहे. आत्ता जमा करा. निवडणूक झाली की दुरुस्त करून घ्या आणि आमच्या मैदानावर येऊन माझ्यासमोर चालवून दाखवा. भरणं, रिकामं करणं, बार काढणं. नीट जमलं तर परवाना राहील. नाही जमलं, तर सही."

"कबूल."

निवडणूक झाली. परवानाधारक दुरुस्तीवाल्या चाचांनी पिस्तूल खोललं आणि कपाळाला हात लावला. "अम्मा, ये पिस्तूल हय या मिठाई का डिब्बा?" सगळे भाग रॉकेलात बुडवले, एकेक धागा चिमट्याने ओढून काढला. मुठीची एक पट्टी पंचामृताने फुगून तडकली होती, तिच्या जागी त्यांनी शिसवीची बसवली. दोन्ही बाजूंचे रंग आता वेगळे आहेत. (माझ्या दोन डोळ्यांचे चष्म्याचे नंबरही वेगळे आहेत. कोणी तक्रार केलेली नाही.)

दुरुस्ती आणि चाचणीची तारीख मिळेपर्यंत उन्हाळा आला. मग मैदान. आजोबा कानात कापूस घालून, वर मफलर गुंडाळून, मे महिन्यात! हवालदारही आले होते, म्हणाले, "आज सुट्टी हाय, पर बघाय आलो." शेजारच्या फलकावर एक तरुण शिपाई सराव करत होता. अधिकारी बाई माझ्या मागे उभ्या राहिल्या. भरलं. नळी समोर. बोट बाहेर. श्वास घेतला. धाड्!

आणखी दोन. धाड्! धाड्! रिकामं केलं, तपासलं, खाली ठेवलं. हात हलला नाही.

शिपाई फलक बघून आला. "मॅडम, आजींच्या फलकावर एकबी न्हाय."

आजोबांनी मफलर सोडला. चेहऱ्यावर दसरा-दिवाळी!

"पर शेजारच्या फलकावर माझ्या गोळ्यांपरीस तीन जास्त हायत. त्यातली येक तर बरोब्बर मधोमध."

हवालदारांनी टाळ्या वाजवल्या. अधिकारी बाईंनी डोळे मिटून घेतले.

"आजी..."

"बाई, तुम्ही काय म्हणाला होता? भरणं, रिकामं करणं, बार काढणं. नेमाबद्दल एक शब्द बोलला होता का?"

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाल्या, "नाही बोलले." आणि परवाना माझ्या हातात ठेवला.

तर मुलांनो, एवढं शिल्लक आहे. पिस्तूल आहे. परवाना आहे, माझ्याच नावावर. सही मी कुठेही केलेली नाही. पिस्तूल लोखंडी कपाटाच्या अगदी तळच्या खणात असतं आणि माझे गुडघे आता तिथवर वाकत नाहीत. त्याला माझ्याशिवाय कोणी हात लावणं बेकायदेशीर, म्हणून चोर आलाच तर आधी आजोबा मला धरून खाली बसवणार, मग मी दोन्ही कुलपं उघडून पिस्तूल काढणार, मग आजोबा मला धरून उभी करणार. चोराने तेवढा वेळ दिला, तर त्याची खैर नाही!

तुमची,
आजी