सरकीचा कान आणि रुपरावांचं औषध

रुपरावांना जमत नाही अशी गोष्ट या नागपुरात अजून जन्माला आलेली नाही, असं निदान रुपरावांचं तरी मत होतं. गांधीबागेतल्या एका ठोक कापडाच्या दुकानात गादीवर बसून त्यांनी जन्म काढला. चिमटीत कापड धरायचं, डोळे मिटायचे आणि सूत किती, भेसळ किती ते सांगायचं. एवढं त्यांना खरंच येत असे. पण देवानं दोन बोटं शहाणी दिली म्हणजे माणसाला वाटावं की आपलं सगळं अंगच शहाणं, तशी त्यांची गत. गुडघ्यांनी दगा दिला, ते घरी बसले, आणि मग ती चिमटी घरादाराच्या मागे लागली.

कढीपत्ता वाढेना म्हणून त्याला मिठाचं ताक पाजलं. कढीपत्ता गेला. कूलरच्या पाण्यात कापूर आणि फिनाईल टाकलं, तर उन्हाळाभर घराला दवाखान्याचा वास. समोरच्या मधुकररावांच्या पाठीवरच्या गळवावर चुना-गूळ थापला, ते बिचारे कितीतरी दिवस पालथे झोपले. दर वेळी रुपरावांचं एकच, "औषध बरोबरच होतं गा. लावणाऱ्याचा हात चुकला."

लावणारा हात बहुतेक त्यांच्या बायकोचा, अंजनाबाईंचा असे. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी नवऱ्याला उलट उत्तर केलं नव्हतं. भीतीनं नाही. भिंतीशी कोण बोलत बसणार, म्हणून. आणि कढीपत्त्याचं काय, दुसरा लावता येतो.

सरकीचं तसं नव्हतं. सरकी म्हणजे ससा. मुलगी वैभवी पुण्याला नोकरीला. तिनं हौसेनं घेतला, घरमालक नको म्हणाला, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत आईच्या पदरात टाकून गेली. तिनं ठेवलेलं इंग्रजी नाव अंजनाबाईंच्या जिभेवर काही बसेना. पांढऱ्या कापसात बी दिसावं तसे काळेभोर डोळे, म्हणून ही सरकी. अंजनाबाई जपाला बसल्या की ती त्यांच्या मांडीला टेकून बसे. घरात त्यांच्याजवळ गप्प बसणारं तेवढंच एक होतं.

उन्हाळा लागला तशी सरकी मान झटकू लागली. मागच्या पायानं कान खाजवून खाजवून रक्त काढी. आत पाहावं तर तपकिरी खपल्यांचे थर. अंजनाबाईंनी तिला भाजीच्या टोपलीत घातलं, वर जुन्या साडीचा तुकडा बांधला आणि संध्याकाळी ऑटो करून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी कानात बॅटरी मारून पाहिलं. "माइट आहेत, बारीक किडे. खपल्या ओढून काढू नका, फार दुखतं, आपोआप गळतील. ही औषधाची नळी मानेमागचे केस बाजूला करून कातडीवर पिळा. औषध अंगात जिरून कानापर्यंत पोचतं. आणि कुत्र्याचं गोचिडांचं औषध घरात असेल तर चुकूनही लावू नका. त्यानं ससा मरू शकतो."

घरी मधुकरराव चहाला बसलेले. अंजनाबाईंनी सगळं सांगितलं, तसे रुपराव मांडीवर थाप मारून हसले.

"ऐका गा मधुकरराव! खाजते कान, अन औषध मानेवर! उद्या दाढ दुखली त घुडघ्याले लवंग लावजो!"

"वहिनी, डॉक्टरीण कुठं शिकली म्हणे?" मधुकररावांनीही री ओढली. पाठीवरचा डाग अजून गेला नव्हता, पण माणूस विसरतो.

"मौद्याच्या भावाकडून आणलेली शिशी हाय आपल्याकडे," रुपराव म्हणाले. "त्याच्या कुत्र्याच्या गोचीडा एका दमात झडल्या."

"त्यालेच तर नाही म्हटलं डॉक्टरीणबाईनं. ससा मरते त्यानं."

"वं, गोचीड काय अन माइट काय, किडा तो किडाच! मी गादीवर बसलो तवा तिचा जन्मबी नव्हता."

जसे काही गादीवर ससेच विकत होते!

अंजनाबाई सरकीची टोपली उचलून आत गेल्या. सकाळी आंघोळ करून, देवाचं नाव घेऊन नळी लावू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पण पूजा आटोपून त्या बाहेर येतात तो रुपराव गॅलरीत. गळ्यात गमछा, एका हातात शिशी, काडीला कापूस, दुसऱ्या हातानं सरकी छातीशी आवळलेली.

"बरी आली. पाय धर इचे. कान भरून ओततो."

अंजनाबाईंनी सरकीला घेतलं. पाय धरले नाहीत. तिला पदराखाली घेऊन तशाच वळल्या आणि देवघरात जाऊन पाटावर बसल्या.

"काय करून राहिली वं?" रुपराव मागोमाग आले आणि उंबरठ्याशी थबकले.

"आंघोळ झाली का तुमची?"

रुपरावांचं सोवळं गल्लीला ठाऊक होतं. पारोशानं देवघरात पाय ठेवायचा नाही, हा त्यांचाच कायदा. तिथला बल्ब बदलायला आलेल्या वायरमनला त्यांनी अंगणातल्या नळाखाली बसवून भिजवला होता. देवानं कधी कोणाची आंघोळ विचारली असेल, असं अंजनाबाईंना वाटत नसे. पण आज आपण विचारायला हरकत नव्हती.

"आणून दे तिले इकडं!"

"पूजेतून उठता येत नाही. तुम्ही पारोसे. आंघोळ करून या न."

रुपराव तणतणत न्हाणीघरात गेले. त्यांची आंघोळ म्हणजे साऱ्या नद्यांना नाव घेऊन आमंत्रण. इकडे अंजनाबाईंनी सरकीच्या मानेमागचे केस फाकवले. गुलाबी कातडी दिसली. बाप्पा, हात चुकू देऊ नको, म्हणाल्या आणि नळी शेवटच्या थेंबापर्यंत दाबली. सरकी थरथरली, मग त्यांच्या मांडीला डोकं लावून बसली.

धुतलेलं धोतर नेसून रुपराव शिशी घेऊन हजर.

"झालं," अंजनाबाई म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईचं लावलं."

"त्याच्यावरून हेबी लावू."

"लावा. आत या, गणपतीसमोर लावा. मेली त इथंच मरन. मंग वैभवीले फोन तुम्हीच करा. मी नाही करत."

हा आवाज रुपरावांनी या घरात कधी ऐकला नव्हता. त्यांनी गणपतीकडे पाहिलं, शिशीकडे पाहिलं.

"आज गुरुवार हाय," ते शेवटी म्हणाले. "गुरुवारी म्या औषधाले हात लावत नाही."

हा नियम त्या क्षणी जन्माला आला. दुपारी अंजनाबाईंनी ती शिशी कागदात गुंडाळून गॅलरीतल्या माळ्यावर, रुपरावांचे गुडघे चढणार नाहीत तिथं, ठेवून दिली.

हळूहळू खपल्या गळाल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्या दिवशी दुसरी नळीही झाली, आणि सरकीचे कान आतून पुन्हा गुलाबी झाले. चहाला आलेल्या मधुकररावांनी कान उलटून पाहिले आणि तोंडात बोट घातलं.

"याले मानेवरच लावा लागते गा," रुपराव गंभीरपणे म्हणाले. "लोकं कानातच ओतत बसते. म्या पहिलेच ओळखलं होतं. म्याच लावलं म्हणा न."

आत अंजनाबाई मेथी निवडत होत्या. काड्या सरकीला, पानं परातीत.

"हो भाऊजी," त्या आतूनच म्हणाल्या, "ह्यायनंच लावलं. न्हाणीघरातून."

मधुकररावांच्या नाकातून चहा आला.