एकदाच लावलेला फोन

कॉम्प्युटर एखादं काम विनाकारण दुसऱ्यांदा करताना दिसला, की आपा जिभेनं 'च्च' करायच्या आणि म्हणायच्या, "झालेलं पुन्हा कशाला रं?" विचारायच्या मशीनला, पण मान आमची खाली जायची. प्रोग्रॅम आम्हीच लिहिलेला असायचा.

तुमच्याही कामाच्या जागी असं एखादं माणूस असेल, ज्याच्यासमोर आपण जरा सावरून बसतो. आमच्याकडे आपा होत्या. कर्जतच्या बाजारपेठेत त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान, आणि त्याच रस्त्यावर भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस. घरून आणलेली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आमच्याकडे सरकवत त्या आमचा कोड वाचायच्या. चूक सापडली तरी डबा परत ओढून घ्यायच्या नाहीत.

आमचं काम पुराच्या इशाऱ्याचं. एका संस्थेनं नदीवर आणि डोंगरातल्या ओढ्यांवर पाण्याची उंची मोजणारी यंत्रं बसवली होती. पाणी वाढलं की आमचा प्रोग्रॅम काठच्या गावांना फोन लावायचा आणि रेकॉर्ड केलेला आवाज सांगायचा, पाणी वाढतंय, काठाला जाऊ नका.

पण तो फार हळू होता. यंत्राकडून नवा आकडा आला, की पावसाळ्याच्या सुरुवातीपासूनचे सगळे आकडे पुन्हा पहिल्यापासून वाचत बसायचा. काठावरच्या पोशीर गावाला फोन जाईपर्यंत पाणी भातखाचरांत शिरलेलं असायचं. आमचे मालक मोठं मशीन घ्यायला निघाले होते. आपांनी अडवलं. म्हणाल्या, गाढवावरचं ओझं कमी करा, दुसरं गाढव आणू नका.

आधीचं गणित जपून ठेवायचं आणि त्यात फक्त नवा आकडा मिळवायचा, एवढं त्यांनी प्रोग्रॅमला शिकवलं. पहिल्यांदा चालवला तेव्हा उत्तर इतक्या झटकन आलं, की मालक म्हणाले, "बंद पडला वाटतं." आपांनी पुन्हा बटण दाबलं आणि भाकरी खात बसल्या. आम्ही आ वासून पडद्याकडे बघत राहिलो.

मग राहिले फोन. कुणी उचलला नाही तर जुना प्रोग्रॅम थांबून तोच नंबर परत लावायचा, आणि मागची गावं तोवर ताटकळायची. आपांनी ते थांबणं काढून टाकलं. प्रत्येकाला एकच फोन. सगळ्या गावांचे फोन बघता बघता संपायचे. आम्हा सगळ्यांना ते पटलं होतं.

श्रावणातली दुपार होती. कर्जतला ऊन पडलेलं, आणि वर घाटात ढग फुटल्यासारखा पाऊस. फोन गेले. पोशीरहून एका शेतकऱ्याचा उलट फोन आला, गुरं वेळेत वर घेतली म्हणून. मालकांनी खुशीत चहा मागवला.

चहा संपायच्या आत संस्थेच्या माणसाचा फोन आला. कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथली एक म्हातारी ओढ्यावरून शेरडं आणायला गेली आणि लोंढ्याबरोबर वाहून गेली. आमचा फोन गेला तेव्हा त्या घरात रेंज नव्हती. जरा वेळानं आली होती. म्हातारी तेव्हा अजून अंगणातच होती.

आपा कप तसाच हातात धरून बसल्या होत्या. मग तो बाजूला ठेवून त्या मशीनकडे वळल्या. न लागलेले नंबर रांगेच्या शेवटी ठेवायचे, बाकीचे झाले की ते उचलेपर्यंत पुन्हा पुन्हा लावायचे, एवढाच बदल त्यांनी केला. चालवून पाहिला. बाकीच्या गावांना जराही उशीर झाला नाही.

"वेग गेलाच नाय रं," त्या म्हणाल्या. "दोन्ही जमत होतं."

त्यांचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

मालकांनी समजावलं, रेंज काही आपल्या हातात नाही, आपल्याला कुणी विचारणारही नाही. आपांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, वाडीवर जायचंय, चल. मला वाटलं, सांत्वनाला बसायचं आणि परत यायचं. पण आपा दारातच उभ्या राहिल्या आणि म्हातारीच्या सुनेला सगळं सांगून टाकलं. "फोन दुसऱ्यांदा लावायचा राहिला, तो माझ्यामुळं." हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कधी झालंही नसतं.

सून भिंतीला टेकली. रेंज येते म्हणून खिडकीशी टांगून ठेवलेल्या फोनकडे तिनं बघितलं.

"आता परत लावंल का तो?"

"लावंल. उचलेपर्यंत लावत राहील," आपा म्हणाल्या. "पण रेंजच नाय आली, तर त्याचा काय उपयोग नाय."

सुनेनं आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. आपा प्यायल्या.

त्यानंतर त्या संस्थेच्या मागेच लागल्या. ओढ्यावरच्या यंत्रालाच भोंगा जोडायचा, म्हणजे मध्ये फोन नको, रेंज नको. जिथं रेंज धड नाही त्या प्रत्येक वाडीत तो बसेपर्यंत त्या थांबल्या आणि मग काम सोडलं. का, ते विचारायचं धाडस आमच्यातल्या कुणाला झालं नाही. खालापूरकडे कुठल्याशा शाळेत गणित शिकवतात असं ऐकतो.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या वाडीत, भोंगा पहिल्यांदा वाजवून बघितला तेव्हा. आवाज असा फुटला की शेरडं उधळली, पोरं किंचाळत घरात पळाली, आणि आम्ही सगळ्यांनी दोन्ही हातांनी कान झाकले. अंगणात आपा आणि ती सून शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोघींपैकी कुणीच कान झाकले नाहीत.