सर्व्हर पुसला आणि दारच उघडेना

मंडळी, आत्ताच घडलंय, घाईत लिहून राह्यलोय, लिहिण्यात चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

अंबडकडच्या एका साखर कारखान्यात मी कॉम्प्युटरचं काम बघतो. आज दुपारी एक मोठा सर्व्हर पूर्ण पुसून नेटवर्कवरून नव्याने बसवायचा होता. ऊसकाट्याचं काम आधीच दुसऱ्या सर्व्हरवर हलवलं, सर्व्हर रूममध्ये बसून कमांड दिली आणि पाणी प्यायला उठलो.

दार उघडेना. कार्ड लावलं, बटण दाबलं, काहीच न्हाई. मंग लक्षात आलं, दाराचं कुलूप चालवणारी सिस्टीम त्याच सर्व्हरवर होती आणि ती मीच पुसून टाकल्ती.

खोलीला खिडकी न्हाई. दार बडवलं तसे वॉचमन रशीदभाई धावत आले.

"साहेब, दार तोडू का?"

"थांबा, तासाभरात सर्व्हर परत बसला की उघडंल," म्हणालो, आणि तेवढ्यात स्क्रीनवर काम अडकलं. नेटवर्कची वायर ढिली झाल्ती. ती घट्ट बसवून सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

"रशीदभाई, जाऊ नका."

"हितंच बसलोय. तुम्ही बोलत ऱ्हावा."

ते लेकीच्या लग्नाचं सांगत राहिले, मी नुसता हुंकार देत राहिलो. शेवटी सर्व्हर उठला, बॅकअपमधून दाराची सिस्टीम परत टाकली आणि कुलूप खटकन उघडलं.

रशीदभाईंनी माझा घामानं भिजलेला शर्ट पाहिला. "आत एसी बंद हाये का?"

एसी एकदम गार चालू होता.

तुम्ही कधी स्वतःच्याच कामात असे अडकलात का? तेव्हा दाराबाहेर कोण बसलं होतं?