आधी, जळला कशानं?

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते पायांकडून. निवृत्तीनंतर आम्ही या घरात राहायला आलो, त्याच आठवड्यातली गोष्ट. समोरच्या गॅरेजपुढून जात होते. एका गाडीच्या उघड्या दारातून दोन पाय बाहेर आले होते, बाकीची बाई स्टीअरिंगखाली गुडूप. चपला मात्र खाली जोडीनं, वर्गाबाहेर काढून ठेवाव्यात तशा. आतून आवाज आला, "कोण आहे तिथं? जरा चावी फिरवा." मी आजूबाजूला पाहिलं, दुसरं कुणीच नव्हतं. पिशवी खाली ठेवली आणि फिरवली. "आता बंद करा. झालं." मग तिनं डोकं बाहेर काढलं, मला पाहिलं आणि जीभ चावली. वय चाळिशीचं, अंबाड्यात पेन्सिल खोचावी तसा टेस्टर खोचलेला.

ती गॅरेजच्या मालकांची सून. मालकांना सगळे वस्ताद म्हणतात. त्यांची नजर उतरत चालली होती. तांबडी आणि तपकिरी वायर त्यांना सारखीच दिसू लागली होती, आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. एकदा ती डबा घेऊन आलेली असताना त्यांचा हात भलत्याच वायरीकडे गेला. ती हळूच म्हणाली, "मामंजी, ती तपकिरी." त्यांनी वर पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेली तर तिच्यासाठी स्टूल मांडलेलं. त्याला आता पंधरा वर्षं झाली. नवरा छापखान्यात नोकरीला आहे. त्याला गाडीचं तोंड कुठं आणि शेपूट कुठं एवढंच कळतं, असं वस्ताद त्याच्यादेखत म्हणतात आणि तोही हसतो.

मला तिचं खरं माणूसपण कळलं ते मागल्या वर्षी एका बुधवारी.

तिच्या धाकट्या भावाचा पिकअप आहे. कोंबड्यांच्या हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं खोक्यांत भरून तो पोल्ट्रीवाल्यांकडे पोचवतो. अंड्यांतून पिल्लं गुरुवारी पहाटे निघतात, ती कुणासाठी थांबत नाहीत. सोमवारी पिकअप भर रस्त्यात बंद पडला, ओढून गॅरेजात आणला. हॅचरीच्या मॅनेजरनं स्पष्ट सांगितलं होतं की बुधवारी पाचपर्यंत गाडी तयार असल्याचा फोन हवा, नाहीतर दुसरी गाडी सांगणार. आणि या आठवड्यात जी गाडी येईल तिलाच वर्षाचं काम.

हल्लीच्या गाड्यांत इंजिनाला डिझेल किती आणि कधी द्यायचं ते एक कॉम्प्युटर ठरवतो. दिसायला वहीएवढी ॲल्युमिनियमची डबी. तिनं ती उघडून मला दाखवली होती. आत मुगाएवढा काळा डाग आणि करपल्याचा वास. कॉम्प्युटर गेला यात वाद नव्हता. भावानं मोटरसायकल विकून नवा मागवला, तो बुधवारी दुपारी आला. दुकानदाराची अट एकच होती. एकदा वीज आत गेली की माल परत नाही.

भाऊ म्हणाला, "लाव, ताई." वस्तादही म्हणाले, लाव. तिनं नवी डबी कागदासकट फळीवर ठेवली आणि जुनीकडे बोट केलं.

"ही कशानं जळली ते आधी कळू दे. नाहीतर ती पण जळेल."

वस्ताद वैतागले. "पोरी, गाडी दुरुस्त करायचीय, तिचा पंचनामा नाही." त्यांच्या मते वस्तू जुनी झाली की जाते, त्यात शोधायचं काय. ती उलट बोलली नाही. सासऱ्यांना उलट बोलताना मी तिला कधी ऐकलेलं नाही. पण डबीही उचलली नाही. भावाला एवढंच विचारलं, की वायरिंगला कुणी हात लावला होता का. तो नाही म्हणाला. फार लवकर म्हणाला. मी छत्तीस वर्षं वर्गात काढली आहेत; प्रश्न संपायच्या आत येणारं "नाही" मला ओळखू येतं. तिलाही आलं असावं, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही.

मग मला हाक आली. मीटर वाचायला माणूस हवा होता. वस्तादांना आकडे दिसत नाहीत, आणि भावाचं लक्ष सगळं घड्याळाकडे. चावी बंद, जुना कॉम्प्युटर काढलेला, त्याचा सॉकेट मोकळा. त्यात टाचणीएवढ्या बारीक पिना, शंभराच्या आसपास. ती एकेका पिनेला टोक लावणार आणि मी आकडा वाचणार.

"शून्य," मी म्हणत होते. "शून्य. शून्य. बारा पूर्णांक चार."

"ते असायलाच हवं. पुढं."

असं तीनदा झालं. भाऊ दारात उभा राहून फोनवर वेळ बघत होता. तीन वाजले. वस्ताद पलीकडे एका स्कूटरचे नट विनाकारण आवळत होते. साठाच्या पुढं कुठंतरी मी पुन्हा म्हटलं, "बारा पूर्णांक चार." आणि थांबले, कारण तिनं टोक त्या पिनेवरून उचललं नाही.

"परत वाचा, बाई."

"बारा पूर्णांक चार."

ती उठून बसली. चावी बंद असताना त्या पिनेवर काही यायला नको होतं. कॉम्प्युटर तिथून एका रिलेला, म्हणजे जास्त वीज सोडणाऱ्या खटक्याला, फक्त इशारा देतो, तेवढीच त्या बारीक वायरीची ताकद. कुठून तरी बॅटरीची अख्खी वीज तिच्यात घुसत होती. नवी डबी लावली असती तर चावी फिरवताक्षणी तीही गेली असती. हे तिनं मला समजावून सांगितलं, पण पाहत होती भावाकडे.

आता प्रश्न होता, कुठून. वायरींचा जुडगा इंजिनापासून केबिनखालून मागच्या हौद्यापर्यंत जातो, सगळा टेपानं गुंडाळलेला. इंच इंच सोलायचा तर दोन दिवस गेले असते. ती मागे गेली, हौद्यात चढली आणि केबिनच्या मागच्या पत्र्याला हात लावून उभी राहिली. तिथं स्क्रूची आठ भोकं होती, चार इकडं, चार तिकडं. आतल्या कडा चकचकीत, गंजाचा ठिपका नाही.

ती खाली उतरून भावाजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "काय होतं तिथं?"

त्यानं फोन खिशात घातला.

"रागावत नाही. जोड कुठं मारलाय तेवढं सांग. साडेतीन होत आले."

"पंखे," तो म्हणाला. "पिल्लं गुदमरतात म्हणून. दोन लावले होते."

"कुणाकडून?"

"बाहेरून. हमरस्त्यावर एक जण करतो."

"आणि काढले कधी?"

"परवा. इथं आणायच्या आधी." मग एकदम त्याचा बांध फुटला. "दर वेळी वस्ताद हात जोडतात, सुनेच्या माहेरचे पैसे घेत नाही म्हणतात. किती वेळा फुकट करून घेऊ? मला गाडी इथं आणायची लाज वाटते, ताई."

स्कूटरचे नट आवळायचे थांबले होते. वस्ताद आमच्या मागं येऊन उभे होते, हातात पाना. त्यांचा चेहरा मी पाहिला. वर्गात ज्याला कधीच छडी बसली नाही अशा मुलाला पहिल्यांदा बसावी तसा झाला होता. पण ते एवढंच म्हणाले, "जोड कुठंय ते दाखव आधी. लाजेचं नंतर बघू."

केबिनखाली, डाव्या चाकाच्या आत, काळ्या टेपाची एक गाठ होती. तिनं ब्लेडनं सोडली. पंखे कापून काढताना भावानं वायरींची दोन्ही टोकं उघडीच ठेवून एका टेपात बांधली होती. एक बॅटरीकडून थेट आलेलं, दुसरं कॉम्प्युटरच्या त्या बारीक वायरीचं. दोन्ही एकमेकांना चिकटून बसली होती. पहिली डबी त्या बारीक वायरीवर टाकलेल्या पंख्यांच्या भारानं जळली होती. दुसरीची सोय लपवालपवीनं करून ठेवली होती.

तिनं टोकं वेगळी केली, बॅटरीकडची वायर मुळापासून काढून टाकली, बारीक वायर सोल्डर करून नीट जोडली. मी पुन्हा मीटर धरलं. "शून्य." तिनं तीनदा वाचायला लावलं. मग बॅटरीची वायर काढून नवी डबी बसवली, सॉकेटचा खटका दाबला, बॅटरी परत जोडली आणि भावाला चावीवर बसवलं.

इंजिन नुसतं फिरलं. लागलं नाही. पुन्हा फिरवलं, नाही. कुणी कुणाकडं पाहिना. वस्ताद बॉनेटखाली वाकले, चाचपत डिझेलचा हातपंप शोधला आणि दाबायला लागले. वीसदा तरी दाबला असेल. तीन दिवस उभ्या गाडीच्या नळीत शिरलेली हवा निघाली असेल आता, असं ते पंपालाच सांगत होते. तिसऱ्या वेळी इंजिन खोकलं, धूर टाकला आणि लागलं.

तिनं लगेच गाडी सोडली नाही. डबीवर तळहात ठेवून बराच वेळ उभी राहिली, ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. पाचला दहा मिनिटं कमी असताना ती म्हणाली, "कर फोन."

त्या वेळी वस्ताद आत जाऊन बसले होते. भावानं त्यांना जाऊन काय सांगितलं ते मी ऐकलेलं नाही. दोघं पाऊण तास बसले होते, एवढं घरी परतल्यावर माझ्या खिडकीतून दिसलं.

हॅचरीचं काम अजून त्याच्याकडेच आहे. पंखे तिनंच बसवून दिले, वेगळी वायर आणि वेगळा फ्यूज टाकून. आता महिन्यातून एकदा पिकअप तपासणीला येतो आणि ती भावाला, बाकीच्या गिऱ्हाइकांना करते तेवढंच, पूर्ण बिल करते.