त्याच्या नावावरचं पॅकेज

कंपनीत आम्ही शेजारी बसायचो. मी अकोल्याहून आलेली, तो इथलाच, पुण्याला लागून असलेल्या आणि आता शहरात गेलेल्या गावातला. कामाव्यतिरिक्त आम्ही दोघांनी मिळून एक छोटं साधन लिहिलं होतं. कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्यांनी बनवलेल्या पॅकेजेसवर उभा असतो. त्यातली कोणती लागतात आणि कुठल्या आवृत्तीची, हे मॅनिफेस्ट नावाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती हाताने सांभाळणं म्हणजे डोक्याला ताप. आमचं साधन नको त्या ओळी काढायचं, जुन्या आवृत्त्या बदलायचं. फुकट होतं, त्यामुळे कुठकुठली माणसं ते वापरू लागली. तेही एक पॅकेजच; ते त्याच्या नावावर होतं, पासवर्डही त्याच्याकडेच. मला कधी गरज वाटली नाही.

त्याने नवी आवृत्ती टाकली आणि पुढच्याच आठवड्यात डेंग्यूने तो गेला.

चूक नेमकी त्या आवृत्तीत होती. ते साधन लागणाऱ्या ओळीही पुसून टाकत होतं. लोकांची कामं अडली. आधी तक्रारी आल्या, मग शिव्या, त्याचं नाव घेऊन. ‘झोपलायस का?’ एकाने लिहिलं. ‘मेलास का?’ दुसऱ्याने. तो गेला आहे, असं मी प्रत्येकाला उत्तर देत होते. वरचं वाचतो कोण? खाली नवी शिवी येऊन पडायची. चूक मला सापडली होती, दुरुस्ती तयार होती, पण ती टाकायचा हक्क नव्हता. पॅकेजेस जिथे ठेवतात त्या लोकांना लिहिलं, तर सभ्य उत्तर आलं: घरच्यांची संमती आणि मृत्यूचा दाखला पाठवा.

त्याच्या वडिलांचा मार्केट यार्डात कांद्याचा गाळा. नारायण पेठेतल्या माझ्या खोलीपासून स्वारगेटवरून चालतच गेले. वाटेत काय बोलायचं ते ठरेल असं वाटलं होतं. ठरलं नाही.

“ये बाळ,” ते म्हणाले. चहा सांगितला.

“काका, त्याच्या दाखल्याची प्रत हवी होती.”

“कशापायी?”

“ट्रकबरोबर तुमच्याकडे कुठला माल किती ते लिहिलेली बिल्टी येते ना, तशी प्रोग्रॅमचीही असते. आमचं साधन ती नीट ठेवायचं. आता ते चुकतंय. दुरुस्त करायचं तर ते माझ्या नावावर व्हायला हवं.”

“म्हंजी त्याचं नाव काडायचं.”

“हो.”

“न्हाय जमायचं. रेशनकार्डावरनं काडलं, बँकेतनं काडलं. जिथं जावं तिथं त्यो कागद द्यायचा आन पोराचं नाव पुसायचं. एक जागा ऱ्हायली आसंल तर ऱ्हाऊ दे.”

मला हे सांगायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. “काका, तिथे लोक त्याला शिव्या देतायत.”

“काय म्हनत्यात?”

“काहीही.”

“वाच.”

मी फोन काढला आणि एकेक मराठीत करून वाचू लागले. हमाल गाडीचं विचारायला आला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. ‘मेलास का’ही वाचलं.

“त्यास्नी ठावं न्हाय?”

“सांगते मी. ऐकत नाहीत.”

त्यांनी थांबवलेल्या हमालाला हाक मारली. मग म्हणाले, “जा तू.”

बाहेर येऊन मी रस्त्याच्या कडेला रडले. त्या माणसापर्यंत शिव्या पोचल्या नव्हत्या, त्या मी स्वतः नेऊन दिल्या होत्या. पुढचे कित्येक दिवस ऑफिसात नुसती स्क्रीनकडे बघत बसायचे. तक्रारी येतच होत्या.

एक दिवस त्यांचाच फोन आला. “फोटू धाडलाय. बघ दिसतंय का.” दाखला पोत्यावर ठेवून काढलेला फोटो होता, कोपऱ्यात त्यांचा अंगठा. खाली संमतीच्या दोन ओळी.

पॅकेज माझ्या नावावर झालं. दुरुस्ती टाकली. शिव्या थांबल्या, चांगलं-वाईट कुणीच काही लिहिलं नाही.

मी काकांना कळवलं.

“आन नाव?”

“माझं लावावं लागलं. आत लिहिलंय, मूळ त्याचं आहे म्हणून.”

“कुनी वाचतं का त्ये?”

हो म्हणायला हवं होतं. “नाही, काका.”

“बरं,” म्हणाले आणि फोन ठेवला.

ते साधन मी अजून सांभाळते. सोडून द्यावंसं वाटतं. कुणाच्या हवाली करावं, ते सुचत नाही.