लाभ नाय

हिराजीकाका फ्लॉपीला हात लावण्याआधी दोन्ही तळहात खांद्यावरच्या टॉवेलला नीट पुसत. मग डोळे मिटून एकेक फ्लॉपी अंगठ्याने सरकवत मोजत. ओठ हलत, आवाज नसे. कुलदैवताचं नाव घेत असतील असं आम्ही धरून चाललो होतो.

नव्वदीच्या सुरुवातीला मी पुण्याहून पेणच्या एका माल वाहतुकीच्या कंपनीत कॉम्प्युटरवाला म्हणून आलो. धरमतरला बार्जमधून उतरलेला माल ट्रकने रोह्याला जायचा आणि त्याची नोंद तिथल्या शाखेतल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर व्हायची. प्रोग्रॅममध्ये मी काही बदल केला की तो सहा फ्लॉप्यांवर उतरवायचा आणि त्या फ्लॉप्या एसटीने रोह्याला पाठवायच्या. दुसरा मार्गच नव्हता. मार्ग म्हणजे हिराजीकाका.

काका खाडीकाठचे. उमेदीची वर्षं मिठागरात घालवून पन्नाशीनंतर आमच्याकडे शिपाई म्हणून लागलेले. फ्लॉपीला ते चकती म्हणत. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जुन्या लुगड्याची घडी, घडीत चकत्या, आणि डबा मांडीवर. एसटीत बसायला जागा नसली तर डबा कडेवर. नातवाला फिरवायला निघालात का, अशी मी एकदा थट्टा केली. ते हसले नाहीत. म्हणाले, "मीठ आनि ही तुमची चकती, दोघांनापन ओल चालत नाय, सायब."

रोह्याला पोचल्यावर त्यांचा फोन यायचा. त्यात दोनच शब्द असत, "माल पोचला." तो ऐकल्याशिवाय मी जेवणाचा डबा उघडत नसे.

एके दिवशी सकाळीच रोह्याचा प्रोग्रॅम बंद पडला. नोंद होईना म्हणून ट्रक सुटेनात, रांग तिथल्या अष्टमी गावाच्या पुलापर्यंत गेलेली. आमचे मॅनेजर माझ्या खुर्चीमागे उभे. मी घाईघाईने फ्लॉप्या भरून काकांच्या पुढ्यात ठेवल्या. त्यांनी हात पुसले, मोजलं, थांबले, डोळे उघडून लेबलांवरचे आकडे बघत पुन्हा मोजलं.

"लाभ नाय, सायब."

या फेरीत काही फायदा नाही, असं म्हातारा म्हणतोय, असं मला वाटलं. डोकं आधीच तापलेलं. पडद्यावरची नजर न काढता मी म्हणालो, "लाभ असो नसो, तुम्ही निघा आधी."

डबा उचलून ते निघाले.

दुपारी फोन आला तो तिथल्या ऑपरेटरबाईंचा. डब्यात पाचच फ्लॉप्या होत्या, पहिलीच नव्हती, आणि तिच्याशिवाय पुढचं काही सुरू होत नव्हतं. म्हाताऱ्याने एसटीत पाडली, असं मॅनेजर म्हणाले. मी नवी भरायला बसलो. फ्लॉपी खाचेत जाईना. बटण दाबलं तर आतून एक बाहेर आली. लेबलवर माझ्याच अक्षरात एकचा आकडा. शेवटची दुरुस्ती करायला मीच ती पुन्हा आत घातली होती. ती मी गुपचूप खणात टाकली आणि नवी भरून आमच्या एका ट्रकबरोबर रोह्याला पाठवली. तिथले ट्रक सुटले.

संध्याकाळी काका परत आले. मॅनेजरनी सगळ्यांदेखत जाब विचारला. काका एवढंच म्हणाले, "मी सायबांना बोललेलो." मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं. "लाभ नाही, एवढंच म्हणाले," मी सांगितलं. सगळे हसले. काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला.

रोह्याची फेरी कुरियरकडे गेली आणि काका दारातल्या स्टुलावर बसू लागले. कुरियरवाला फ्लॉप्या कोंबून नेताना काकांचे ओठ हलत. माझ्या खुर्चीपासून ते स्टूल दहा पावलांवर होतं. आज सांगू, उद्या सांगू करत मी ती दहा पावलं कधी चाललो नाही. नोकरी नवी होती, आणि मी भित्रा होतो.

पुढच्या हिवाळ्यात छातीत कळ येऊन काका गेले. त्यानंतरही दुपारी रोह्याचा फोन वाजला की मी त्या दोन शब्दांची वाट बघायचो.

बाराव्याच्या आदल्या दिवशी खणातली ती फ्लॉपी खिशात घालून मी त्यांच्या घरी गेलो. कुणापुढे तरी ती ठेवायची होती. पडवीत काकी उद्याच्या जेवणाचे तांदूळ मापाने टोपात ओतत होत्या. तोंडाने मोजणी चालली होती. लाभ. दोन. तीन. चार.

मी विचारलं, पहिल्याला एक का नाही म्हणत?

"मोजताना एक नाय बोलायचा," काकी म्हणाल्या, "लाभ बोलायचा. ते चकत्यापन तशाच मोजायचे."

मी पायरीवर बसलो. शर्टाच्या खिशावर हात धरून मी विचारलं, त्या चकतीबद्दल काका कधी काही म्हणाले का.

"बोलायचे ना. सायबांना सगला म्हाईत हाय, बोलायचे. मंग मी कशाला बोलू, असापन बोलायचे."

फ्लॉपी खिशातच राहिली. बोलण्याच्या नादात काकींचा आकडा चुकला होता. त्यांनी टोपातले तांदूळ परत सुपात ओतले, माप भरलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"लाभ."