सईची जोडीताई

जोडीताईने पुस्तकातली गोष्ट पुस्तकातल्या भाषेत कधी सांगितली नाही. समोर छापलेलं असायचं, ‘एक अस्वल होतं. त्याला आंघोळ आवडत नसे.’ त्या ओळीखालून बोट सरळ फिरवत ती म्हणायची, “एक अस्वल व्हतं. त्याले आंग धोवानं काही गोड लागे ना.” आणि माझ्या वाचनाला पाचव्या मिनिटाला जांभया देणारी माझी मुलगी तोंड उघडं टाकून ऐकायची.

इथे जळगावच्या पिंप्राळ्यात, सईच्या शाळेत, दर शनिवारी आठवीतल्या मुली दुसरीतल्या मुलांबरोबर जोडीने वाचायला बसत. मोठीला जोडीताई म्हणायचं. वर्गात अशा वीसेक जोडीताया होत्या, पण आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ एकच होता. ही पोर धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडची. वडील डाळमिलमध्ये कामाला लागले म्हणून जळगावला आलेली. उंच, हडकुळी, दप्तराचा एक बंद कायम तुटलेला. सई उठताबसता ‘ताई, ताई’ करायची. मी ‘ती मुलगी’ म्हणायचे.

पुस्तक उघडण्याआधी ती सईचे केस सोडून पुन्हा बांधायची. सकाळी मी दोन वेण्या घालून पाठवलेली मुलगी दुपारी एकच वेणी घालून परत यायची, घट्ट, कानामागे एक केस सुटलेला नाही. रविवारी न्हायला बसेपर्यंत त्या वेणीला मला हात लावू द्यायची नाही. वर कारणही ऐकवायची, ताईच्याच शब्दांत, “केस डोयावर उनात की अक्षर पयी जातस.” केस डोळ्यांवर आले की अक्षरं पळून जातात म्हणे. सात वर्षं त्या डोक्याला तेल मी लावलं होतं.

तिचा एक नियम होता. “पहिले आपली, मंग पुस्तकनी.” म्हणजे गोष्ट आधी ताईच्या घरच्या बोलीत ऐकायची, मग तीच ओळ जशी छापली आहे तशी सईने मोठ्याने वाचायची. मला हे माहीत नव्हतं. मी तणतणत बाईंकडे गेले, की माझ्या मुलीची भाषा बिघडतेय, घरी ‘आहे’ला ‘शे’ म्हणते. त्यांनी सईला बोलावून एक धडा वाचायला दिला. जूनमध्ये अक्षराला अक्षर जुळवणारी पोर पान संपेपर्यंत थांबली नाही, आणि त्यात एकही ‘शे’ आला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण हे मी शिकवलेलं नव्हतं.

खरी गोम निराळीच होती. ती बोली माझीच. माझं माहेर धुळ्याजवळचं खेडं. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मी सरांना “माले नही समजनं” म्हणाले आणि मागचे बाक फिदीफिदी हसले. त्यानंतर मी ती बोली जिभेवरून खरवडून काढली. माहेरचा फोन आला की मी अजूनही गॅलरीत जाऊन बोलते. गावी सगळ्यांना ताकीद आहे, सईशी शाळेतलं मराठी बोला. जे मी सात वर्षं तिच्यापासून लांब ठेवलं, त्याच्याच जोरावर एका चौदा वर्षांच्या मुलीने माझी मुलगी पळवली होती.

एकदा सईने हट्टाने तिला घरी आणलं. सोफा सोडून ती फरशीवर मांडी घालून बसली. मी पोहे वाढले. ती अजून नको म्हणाली तेव्हा माझ्या तोंडून काहीतरी निसटलं असावं, कारण तिने एकदम वर पाहिलं.

“मावशी, आते तुम्ही ‘लाजू नको, खाई ले’ म्हन्यात. तुम्ही आमनाकडना शेतस का?”

तिच्या चेहऱ्यावर केवढा आनंद होता. सई माझ्याकडे टक लावून बघत होती.

“नाही गं,” मी म्हटलं, “आम्ही जळगावचेच.”

“मंग माले उगाच वाटनं,” ती म्हणाली आणि आपली बशी धुवायला उठली.

दिवाळीनंतर तिच्या वडिलांचं डाळमिलमधलं काम सुटलं आणि ते कुटुंब साक्रीकडे परत जायला निघालं. शेवटच्या शनिवारी मी सईला घ्यायला गेले तर ती मुलगी फाटकाशी उभी होती. “मावशी, हाई पोर हुशार शे,” ती म्हणाली. “फक्त तिले पहिले आपली गोष्ट सांगत जा.” तो ‘आपली’ तिने मुद्दाम म्हटला की सहज, हे मला आजही ठरवता येत नाही. मी नुसती मान हलवली. खोटं कशाला बोलू, ती पाठ फिरवून गेली तेव्हा मला हायसं वाटलं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी पुस्तक घेऊन बसले. सईने दोन ओळी ऐकल्या आणि पुस्तक मिटून टाकलं. “ताईसारखं होत नाही,” म्हणाली. रडली नाही, भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. तिला तसं बसलेलं मला बघवेना. मी दार लोटून घेतलं आणि वीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या घरात मोठ्याने म्हटलं, “एक म्हैस व्हती. तिले नदीमाईन भायेर निंघानंच नही व्हतं. तिना मालक म्हने, चाल ना माय, घर चाल...”

सुरुवातीला एकेक शब्द शोधावा लागला. मग आपोआप येत गेलं, माझ्या आईच्या हेलासकट, मी विसरले असं धरून चाललेले शब्दसुद्धा. म्हैस घरी पोचली तेव्हा सई माझ्या मांडीवर होती. मी तिच्या केसांतून हात फिरवत विचारलं, “कशी वाटली?”

“छान,” ती म्हणाली. “तू ताईची नक्कल बरी करतेस, आई. थोडं थोडं चुकतं. ती होती तेव्हा विचारलं असतंस, तर तिने तुलापण शिकवलं असतं.”